एक टिटवाळा गेली

कल्याणच्या फलाटावर संध्याकाळी दोन वाक्यं हमखास कानावर पडतात: ‘टिटवाळा गेली’ आणि ‘आत्ताच एक टिटवाळा गेली’. ‘गेली’ हे रूप लोकलचं, गावाचं नव्हे. त्यामुळे हलली ती गाडी आणि गणपतीचं गाव जागच्या जागी आहे, एवढं कुणालाही कळतं. खरा फरक ‘एक’चा आहे. पहिलं वाक्य ज्याला सांगितलं तो त्याच गाडीसाठी जिना उतरून धावत आलेला असतो. कोणती टिटवाळा, हे त्याला विचारावं लागत नाही. दुसरं वाक्य ऐकणाऱ्याच्या हिशेबात नसलेली गाडी त्याच्यापुढे ठेवतं, आणि ही गेली तरी आणखी येतील असा थोडा धीरही देतं. आकडा वाढवून पाहा. ‘दोन गाड्या गेल्या’ म्हणजे कुठल्या तरी दोन. ‘दोन्ही गाड्या गेल्या’ म्हणजे ज्यांच्यावर आपली भिस्त होती त्याच दोन. एका ‘न्ही’ने माणसाची संध्याकाळ बदलते.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात नसलेलं माणूस, वस्तू किंवा गाव बोलण्यात पहिल्यांदा आणायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक भाषेला सोडवावा लागतो. इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’च्या नियमांनी गांजलेल्या आपल्या पिढ्यांचा समज असा, की हे काम उपपदाचं, मराठीला उपपद नाही, म्हणून मराठीत ते अंदाजपंचे होतं. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतल्या भाषाविज्ञानाने हा समज पार खोडून काढला आहे. उपपद नसलेल्या भाषा जगात ढिगाने आहेत आणि त्यांत कुणाची गोष्ट अडलेली नाही. मराठीपुरतं बोलायचं तर या कामासाठी तिच्याकडे इंग्रजीपेक्षा कमी साधनं नाहीत, जास्तच आहेत, असं मला वाटतं. मात्र ती सगळी एका शब्दात गोळा झालेली नसल्यामुळे शाळेच्या व्याकरणात त्यांना एकत्र जागा मिळालेली नाही.

आधी सिद्धान्ताकडे वळू, पण तिथे फार रेंगाळायला नको. 1969 साली लाउरी कार्तुनेन या फिनिश भाषाशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट दाखवली. ‘आमच्याकडे एक मांजर आहे’ म्हटलं की पुढे ‘ते काळं आहे’ म्हणता येतं. ‘आमच्याकडे मांजर नाही’ म्हटल्यावर ‘ते काळं आहे’ म्हणता येत नाही. म्हणजे काही वाक्यं बोलण्यात एक नवं अस्तित्व उभं करतात, त्याला नंतर ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणता येतं. काही वाक्यं ते करत नाहीत. खरं मांजर घरात आहे की नाही याच्याशी याचा संबंध नाही. कल्पनेतला राजाही चालतो, फक्त तो रीतसर आणलेला हवा. 1982 मध्ये आयरीन हाइमने आपल्या प्रबंधात याला कार्डांच्या कपाटाची उपमा दिली. संभाषण म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनातलं कपाट; नवं पात्र आलं की कोरं कार्ड काढायचं, जुन्याविषयी बोललं की त्याच कार्डावर पुढची नोंद करायची. हान्स काम्पने 1981 मध्ये स्वतंत्रपणे जवळजवळ तीच मांडणी केली होती.

पण जुनं आणि नवं असे दोनच कप्पे पुरत नाहीत, हे एलन प्रिन्सने 1981 मध्ये दाखवलं आणि मला तिचं वर्गीकरण आजही सर्वांत उपयोगी वाटतं. कोरं करकरीत नवं, म्हणजे ‘गाडीत एक बाई भेटली’. ऐकणाऱ्याला माहीत आहे पण या बोलण्यात अजून आलेलं नाही, म्हणजे ‘मुख्यमंत्री आज ठाण्यात आहेत’. आधीच्या उल्लेखावरून ताडता येईल असं, म्हणजे ‘देवळात गेलो, तर पुजारी जेवायला गेलेले’. पुजाऱ्याचं नाव आधी निघालेलं नाही, पण देऊळ म्हटलं की पुजारी आलाच. आणि चौथं, जे बोलण्यात आधीच येऊन गेलं आहे ते. रेल्वेची घोषणा या दृष्टीने ऐकण्यासारखी असते. अमुक फलाटावर येणारी गाडी टिटवाळ्याची आहे, अशा धाटणीचं ते वाक्य. फलाटावर कुठली तरी गाडी येणार हे गृहीत धरलेलं. कुठली, ते नवं. एकही उपपद न वापरता माहिती असलेलं पुढे आणि नवं मागे, अशी वाटणी त्यात झालेली असते.

टिटवाळ्याचं या विषयाशी आणखी एक नातं आहे, दंतकथेतलं. कण्व मुनींचा आश्रम इथे होता आणि दुष्यंताने विसरलेली शकुंतला इथल्या गणपतीला शरण गेली, अशी श्रद्धा. म्हणून तो विवाहविनायक. शकुंतलेमुळे कालिदास आठवतो आणि कालिदासामुळे ती प्रसिद्ध आख्यायिका: विद्वान होऊन परतलेल्या नवऱ्याला बायकोने संस्कृतात विचारलं, ‘अस्ति कश्चित् वाग्विशेषः?’ आणि त्याने त्या तीन शब्दांनी तीन काव्यं सुरू केली. ‘अस्ति’ने कुमारसंभव, ‘कश्चित्’ने मेघदूत, ‘वाक्’ने रघुवंश. कथा कुणी तरी मागाहून रचलेली दिसते, पण रचणारा मोठा चाणाक्ष होता. तिसरा शब्द सोडा. पहिले दोन म्हणजे नव्या पात्राला आत आणण्याच्या जगातल्या दोन मोठ्या रीती आहेत. एक, ‘आहे’ म्हणायचं: अस्तित्वाच्या क्रियापदाने वस्तू उभी करायची. दुसरी, ‘कुणी एक’ म्हणायचं: नामाला अनिश्चिततेची खूण लावायची. हिमालय सगळ्यांना ठाऊक असूनही कवी तो ‘आहे’ म्हणून नव्याने मांडतो. मेघदूतातला यक्ष ‘कुणी एक’ म्हणून येतो आणि शेवटपर्यंत बिननावाचाच राहतो.

पहिल्या रीतीचा पसारा केवढा! रशियन गोष्ट ‘झिल-बिल’ने, म्हणजे ‘जगला, होता’ अशा क्रियापदांच्या जोडीने सुरू होते. कोण, ते नंतर. फार्सीत ‘येकी बूद, येकी नबूद’, तुर्कीत ‘बिर वारमिश, बिर योकमुश’: एक होता, एक नव्हता. गोष्टीतल्या राजाचं अस्तित्व किती खरं मानायचं, याचा इशाराच त्यात आहे. चिनीत ‘यौ’ हे ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या दोन्ही अर्थांचं क्रियापद नव्या नामाच्या आधी येतं. बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये माणसं ‘इल या’ने, म्हणजे ‘आहे’नेच आत येतात. टागालोगमध्ये ‘मै’ हा शब्द हे काम करतो आणि तिथे त्याची गरजही जास्त आहे, कारण ‘आंग’ हा शब्द ज्या नामाला लागतो ते एरवी ओळखीचंच असावं लागतं. मादागास्करच्या मालागासीतही कर्ता ओळखीचा हवा. नवख्याला तिथे वाक्याच्या मुख्य जागी थेट बसता येत नाही; आधी ‘आहे’च्या दारातून यावं लागतं.

दुसरी रीत बहुतेक ठिकाणी ‘एक’ या आकड्यातून निघते. इंग्रजीचं ‘अ’ हे ‘एक’चंच झिजलेलं रूप, जर्मनमध्ये तर आकडा आणि उपपद अजून सारखेच दिसतात. ताल्मी गिवोनने 1981 मध्ये बोलीतल्या हिब्रूवर लिहिताना या झिजण्याचा सुरुवातीचा टप्पा पकडला. तिथे ‘एक’ हा शब्द प्रत्येक अनिश्चित नामाला लागत नाही. जे पात्र पुढे गोष्टीत काही करणार आहे त्यालाच लागतो. पुढे बेर्न्ड हाइनेने 1997 मध्ये पायऱ्या मांडल्या: आधी नुसता आकडा, मग गोष्टीत नवं पात्र आणण्याची खूण, मग बोलणाऱ्याला माहीत असलेल्या कुठल्याही अनोळखी वस्तूची खूण, मग ‘कुठलाही’ अशा अर्थासाठीही सक्तीचं उपपद. इंग्रजी या पायरीवर आहे.

मराठी कुठे आहे? ‘घरी पाहुणा आला’ आणि ‘घरी एक पाहुणा आला’ ही वाक्यं कुणाला तरी ऐकवून पाहा. पहिल्यावर ऐकणारा ‘मग चहा टाकायचा का’ म्हणेल. दुसऱ्यावर तो ‘बरं, मग?’ म्हणून थांबेल, कारण पाहुण्याची गोष्ट येणार हे त्याला कळलेलं असतं. तेराव्या शतकातल्या महानुभाव गद्यात, केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात, ‘कव्हणी एकु’ अशी जोडी येते; कश्चित् आणि आकडा एकत्र. म्हणजे हे काम ‘एक’कडे किमान सातशे वर्षं आहे आणि तरी तो सक्तीचा झालेला नाही. ‘मला पेन दे’ म्हणताना आपण ‘एक’ लावत नाही; लावला तर बहुधा मोजूनच एक हवं असतं. मराठी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहे आणि तिथे मजेत आहे.

शेजारच्या भाषांनी वेगळे मार्ग घेतले. सिंहली ही आपलीच दूरची नातलग, पण तिथे ‘एक’ नामाच्या शेपटीला चिकटला: मिनिहा म्हणजे तो ओळखीचा माणूस, मिनिहेक म्हणजे कुणी एक. बंगालीत ‘एकटा छेले’ म्हणजे एक मुलगा (एकाकी नव्हे!) आणि तोच ‘टा’ नामामागे गेला की ‘छेलेटा’, तो मुलगा. कन्नडमध्ये ‘एक’ला माणसांसाठी वेगळी रूपं आहेत, ओब्ब आणि ओब्बळु, वस्तूंसाठी ओंदु. सोलापूर-बेळगावकडचे दोन्ही भाषा बोलणारे लोक हा भेद रोज वागवतात. मराठीनेही माणसांपुरती वेगळी सोय केलीच आहे: एक जण, दोघं, तिघी, चौघं. आणि त्यातही ‘दोन मुलगे होते’ म्हणून आत आणायचं आणि ‘दोघांनी’ म्हणून पुढे चालवायचं, अशी विभागणी आहे.

तिसरी रीत शब्दाची नाही, जागेची आहे. चिनीत ‘पाहुणे’ क्रियापदाआधी ठेवले तर ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले. क्रियापदानंतर ठेवले तर अवचित कुणी तरी आलं. रशियन, इटालियन, स्पॅनिश याच पद्धतीने नव्याला मागे ढकलतात. मराठीत ‘देवळाजवळ तलाव आहे’ आणि ‘तलाव देवळाजवळ आहे’ यांत शब्द तेच, पण पहिलं वाक्य नवख्याला तलावाची खबर देतं, दुसरं तलाव शोधणाऱ्याला त्याचा पत्ता देतं. इंग्रजीला इथे उपपद बदलावं लागतं. आपण जागा बदलून मोकळे होतो. जपानी तर याला स्वतंत्र प्रत्यय ठेवते: म्हातारा गोष्टीत पहिल्यांदा आला की ‘गा’, पुढच्याच वाक्यात ओळखीचा झाला की ‘वा’. खुणांच्या भाषांत जागा हा शब्दशः जागेचा प्रश्न असतो. बोलणारा नव्या व्यक्तीला आपल्यासमोरच्या हवेत एक ठिकाण नेमून देतो आणि पुढे तिच्याविषयी बोलताना नुसता त्या ठिकाणाकडे निर्देश करतो.

आता मराठी गोष्टीचं पहिलं वाक्य घ्या: ‘एक होता राजा’. रोजच्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘एक राजा होता’. गोष्टीत ते मध्ये शिरतं, ‘एक’ला राजापासून तोडतं आणि राजाला वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवतं. शिवाय ‘होता’, ‘होती’, ‘होतं’ यांमुळे नाव उच्चारायच्या आतच मुलांना कळतं, की येणारा बाप्या आहे, बाई आहे की एखादं पिल्लू. ‘एक होती...’ म्हणून आजी क्षणभर थांबते तेव्हा चिमणीची निम्मी ओळख झालेली असते. इंग्रजीच्या गोष्टीला हे साधणार नाही, तिच्या क्रियापदात लिंग नाही. हिंदी आणि गुजराती मात्र हेच करतात.

व्रतांच्या कहाण्यांत आणखी बारकावा आहे. तिथे आटपाट नगर बहुधा ‘एक’शिवाय येतं आणि त्यात राहणारा राजा किंवा ब्राह्मण ‘एक’ घेऊन येतो. कारण उघड आहे: नगराने पुढे काही करायचं नाही, ती नुसती जागा, राजाला मात्र उतायचं-मातायचं आहे. गिवोनला हिब्रूत जे दिसलं ते आपल्या श्रावणात घरोघर वाचलं जात होतं. (मुलांच्या नव्या पुस्तकांत आता नगरालाही ‘एक’ लावलेला दिसतो. बिघडत काही नाही, पण कान असलेल्याला तो जास्तीचा वाटतो.) पुढची पात्रंही कशी येतात पाहा. नगराला बांधून राजा, राजाला बांधून राण्या, राणीला बांधून दासी. आधीच्याचा हात धरल्याशिवाय नवं कुणी आत येत नाही. आणि हा हात कसा धरायचा हेही मराठीत नात्यावर ठरतं. राजाला मुलगी असते, राजाकडे घोडा असतो, राजाची बाग असते. ‘राजाकडे मुलगी होती’ म्हटलं तर ती कुणाची, आणि इथे कशी, असे प्रश्न उभे राहतील. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद वापरून मोकळी होते.

नवं पात्र वाक्यात कोणत्या भूमिकेत येतं, यावर जॉन डू बॉयच्या 1987 मधल्या एका लेखाने बराच वाद उठवला. ग्वाटेमालातल्या साकापुल्तेक या माया भाषेतली कथनं तपासून त्याने म्हटलं, की नवी माणसं येणारे-जाणारे-दिसणारे म्हणून येतात, किंवा दुसऱ्याच्या क्रियेचं कर्म म्हणून. सकर्मक क्रियेचा कर्ता म्हणून जवळजवळ कधीच नाही. ज्या भाषांत सकर्मक क्रियेच्या कर्त्याला वेगळा प्रत्यय लागतो, आपल्या भूतकाळी ‘ने’सारखा, त्यांतल्या त्या पद्धतीचं मूळ या सवयीत असावं असं त्याला वाटलं. जेफ्री हेग आणि स्टेफान श्नेल यांनी 2016 मध्ये अनेक भाषांची कथनं तपासून हा निष्कर्ष बराच सैल केला: सकर्मक कर्ते बहुधा माणसं असतात आणि माणसं गोष्टीत आधीच आलेली असतात, एवढ्यानेही तो नमुना तयार होतो. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण पहिलं निरीक्षण मराठीत तपासायला छान आहे. ‘वाटेत एक माणूस भेटला, त्याने मला पाणी दिलं’ ही बोलण्याची चाल. ‘एका माणसाने मला वाटेत पाणी दिलं’ हे चुकीचं नाही, पण सांगणारा घाईत आहे. वर्तमानपत्र नेहमीच घाईत असतं, म्हणून तिथे ‘टिटवाळ्यातील एका तरुणाने’ हे बातमीचं पहिलंच पाऊल असतं.

येणं, भेटणं, दिसणं, सापडणं ही सगळी आणणारी क्रियापदं. टिटवाळ्याच्या देवळाची कथा सांगणारा कुणीही, पेशव्यांच्या काळात तलावाचा गाळ काढताना ‘मूर्ती सापडली’ असंच सांगतो. यांत ‘लागणे’ हे क्रियापद खास आपलं. शहाड सोडलं की आंबिवली लागतं, पुढे टिटवाळा. वाटेत ओढा लागतो, मग चढ लागतो. प्रवासात समोर येणाऱ्या जागांसाठी नेमलेलं असं घरगुती क्रियापद फार भाषांकडे नसावं. माणूस मात्र ‘लागत’ नाही, तो भेटतो.

‘ला’ प्रत्ययही या कामात आहे. ‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिलं’ यांतला फरक लग्नाच्या घरात कुणाला समजवावा लागत नाही. पहिल्यात मुलगी अजून एक स्थळ आहे, ऐकणाऱ्यासाठी तिला चेहरा नाही. दुसऱ्यात ती ठरावीक मुलगी, जिच्याविषयी आधी बोलणं झालेलं आहे. तुर्की आणि फार्सीत कर्माच्या प्रत्ययाने असाच भेद होतो. विवाहविनायकाच्या गावी नवस बोलायला जाणाऱ्या घरांचा प्रवास पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडेच असतो.

मराठीची खरी श्रीमंती मात्र नावं आणण्यात आहे. ‘काल जोशी भेटले’ म्हणजे तुम्हाला माहीत असलेले जोशी. ‘काल जोशी म्हणून एक गृहस्थ भेटले’ म्हणजे तुम्हाला माहीत नसलेले. ‘जोशी नावाचा एक इसम’ म्हणजे माहीत नसलेले, आणि बोलणाऱ्यालाही त्यांच्याविषयी फार आदर नाही. ‘आपले जोशी’ म्हणजे माहीत आहेतच, विसरला असाल तर आठवा. आणि मग ते अस्सल: ‘ते नाही का, कोपऱ्यावर गिरणी आहे ज्यांची, ते जोशी’. या ‘नाही का’वर बोलणारा थांबतो, ऐकणारा ‘हां हां’ म्हणतो, मगच गोष्ट पुढे सरकते. ऐकणाऱ्याकडे ते कार्ड आहे की नाही, हे इथे उघड विचारून घेतलं जातं. इंग्रजीत बोलणारा हा अंदाज मनातल्या मनात करून उपपद निवडतो. चुकला तर चुकला. आपल्याकडे चौकशी दोघांनी मिळून होते. म्हाताऱ्या माणसांची गोष्ट या चौकशीतच संपते आणि मूळ मुद्दा राहून जातो, ही त्याची किंमत.

शकुंतलेच्या कथेत हीच चौकशी फसते. ती दरबारात येते ती ‘आपली’ म्हणून, आणि राजाच्या लेखी ती कोरी नवी. कालिदासाने शाप आणि अंगठी घालून राजाला विसरायला लावलं. महाभारतात शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं आणि तो लोकांसमोर ओळख नाकारतो. भाषेच्या दृष्टीने महाभारताची कथा जास्त बोचरी आहे.

कचेरीच्या मराठीने या सगळ्या लवचीकपणाला कुलूप लावून टाकलं. पोलिसांच्या कागदात माणूस येतो तो ‘अनोळखी इसम’ म्हणून आणि दुसऱ्या वाक्यापासून ‘सदर इसम’ होतो. खरेदीखतात पक्षकारांची नावं-पत्ते एकदा सांगून पुढे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. लोक या भाषेची टर उडवतात, पण कोर्टात ‘तो’ म्हणजे नेमका कोण, यावरून जमीन जाऊ शकते. ‘सदर’ तिथे शोभतो. प्रेमपत्रात शोभणार नाही.

‘एक’ची नासाडी मात्र भाषांतरांनी केली आहे. ‘तो एक शिक्षक आहे’, ‘पुणे हे एक शहर आहे’, ‘ही एक महत्त्वाची बाब आहे’. इथे कुठलंही नवं पात्र आत येत नाही. तो आधीच आलेला आहे, आपण फक्त त्याचा पेशा सांगतो आहोत. मराठीत असा विधेयातला ‘एक’ पूर्वापार आहे, पण तो वैतागाचा आहे: ‘तो एक नग आहे’, ‘ही एक कटकट आहे’, ‘तू एक वेडा’. त्यामुळे ‘तो एक शिक्षक आहे’ वाचताना जुन्या कानाच्या माणसाला शिक्षकाने काय केलं अशी शंका येते. भाषा बदलते, हे मान्य. पण इथे बदलातून नवी सोय मिळत नाही, असलेली सोय जाते: सगळीकडे ‘एक’ पेरला की गोष्टीतल्या राजाला वेगळं काढायला काही उरत नाही.

मुलांना हे सगळं यायला वेळ लागतो. ‘त्याने मला ढकललं’ म्हणत घरी आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘कोण तो?’ हे विचारावंच लागतं. माया हिकमन यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि चिनी बोलणाऱ्या मुलांना चित्रांवरून गोष्टी सांगायला लावल्या. या चारही भाषांत, ऐकणाऱ्याला चित्र दिसत नाही हे लक्षात ठेवून पात्राची रीतसर ओळख करून देणं सहा-सात वर्षांच्या पुढेच पक्कं होतं. उपपद असो वा नसो, अवघड भाग व्याकरणाचा नाहीच. समोरच्याला काय माहीत नाही याचं भान हा तो भाग. ते काही मोठ्यांनाही शेवटपर्यंत येत नाही.

कल्याण-टिटवाळ्याच्या भागापुरती एक अडचण उरते, आणि ती पुराव्याची. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, 1905 मध्ये, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या आगरी, कोळी, ठाकरी, वारली, कातकरी अशा बोलींचे नमुने छापले गेले. त्यांतला ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट, सगळ्या भाषांसाठी एकच. तिची सुरुवातच एका माणसाने आणि त्याच्या दोन मुलग्यांनी होते, म्हणजे आपल्या प्रश्नाला हवं तेच वाक्य शेकडो भाषांत! पण ते भाषांतर आहे. एखादा कातकरी स्वतःची गोष्ट सांगताना माणसाला कसा आणतो, हे त्यातून कळत नाही; दिलेलं वाक्य तो आपल्या बोलीत कसं उतरवतो, एवढंच कळतं. ग्रियर्सनला याची जाण होती, म्हणून शक्य तिथे त्याने स्थानिक कथाही मागवल्या.

पुढच्या संशोधकांनी यावर साधा उपाय काढला: शब्दच द्यायचे नाहीत. वॉलेस चेफच्या गटाने 1975 मध्ये बर्कलीत नासपतींच्या चोरीचा सहा मिनिटांचा संवादाविना चित्रपट बनवला आणि तो पाहून लोक काय सांगतात ते भाषेभाषेत नोंदलं. डू बॉयची साकापुल्तेक कथनं त्याच चित्रपटावरची. मर्सर मेयरचं 1969 मधलं बेडकाचं शब्दविरहित चित्रपुस्तक रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी 1994 च्या ग्रंथात पाच भाषांसाठी वापरलं आणि मग ते जगभर फिरलं. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण केलं. त्यात लोकांची कथनं त्यांच्या आवाजात जपली आहेत. ग्रियर्सनच्या छापील नमुन्यांपुढचं ते मोठं पाऊल आहे.

मांडा-टिटवाळ्यापासून खडवली-वासिंदपर्यंतच्या गावांत आणि पाड्यांवर आगरी, ठाकरी, कातकरी बोलणारी आजी-आजोबांची पिढी अजून आहे. तिथल्या कुणा वाचकाला हे काम घरबसल्या करता येईल. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा, त्यांची परवानगी घ्या, आणि लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट सांगायला सांगा. फक्त सुरुवात तुम्ही करून देऊ नका. ‘एक होता राजा’ असं चुकूनही सुचवू नका. पहिलं वाक्य त्यांचंच असू द्या.